‘मला तर काहीच होत नाही!’

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

माझा भाचा विम्याची मोठी पॉलिसी काढायला निघाला होता. वय वर्षं अठ्ठावीस. नुकतंच लग्न झालेलं, फ्लॅटसाठी कर्ज काढलेलं, म्हणून ही पॉलिसी. विमा कंपनीच्या डॉक्टरांनी त्याच्या दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, पाच मिनिटं बसवून पुन्हा दाबला आणि कागदावर आकडा लिहिला, १५४/१०२. संध्याकाळी स्वारी थेट माझ्याकडे आली, ती रागातच. ‘‘मामा, मी दर रविवारी सिंहगड चढतो. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, धाप लागत नाही. मला तर काहीच होत नाही! आणि बीपी हा काय माझ्या वयात होणारा आजार आहे का?’’

मी आयुष्यभर मेडिकलच्या मुलांना शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. त्यामुळे उत्तर तोंडावर तयार होतं. पण उत्तर द्यायच्या आधी मला एक गंमत वाटली. ‘मला काहीच होत नाही’ आणि ‘हे माझं वय आहे का’, ही जी दोन वाक्यं तो बोलला, त्याच दोन वाक्यांपाशी वैद्यकशास्त्र स्वतः सुमारे शंभर वर्षं अडून बसलं होतं. मोठमोठे डॉक्टर हेच म्हणत होते. आज त्या अडण्याची आणि त्यातून सुटण्याची गोष्ट सांगतो. ती ऐकली की तरुणपणी सापडलेल्या रक्तदाबाचं काय करायचं, हे आपोआप उलगडतं.

घोडी, नळी आणि पारा

रक्ताला दाब असतो हे पहिल्यांदा मोजून दाखवलं ते एका इंग्रज पाद्र्यानं. स्टीफन हेल्स त्याचं नाव. त्यानं एका घोडीला जमिनीवर बांधून तिच्या मांडीच्या धमनीत पितळी नळी खुपसली आणि तिला उभी काचेची नळी जोडली. रक्त त्या नळीत आठ फूट तीन इंच चढलं आणि प्रत्येक ठोक्याबरोबर वरखाली होत राहिलं. हा प्रयोग त्यानं १७३३ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात नोंदवला आहे. जिवंत शरीरातलं रक्त नुसतं वाहत नाही, ते भिंतींना रेटा देत वाहतं, हे त्या दिवशी डोळ्यांना दिसलं.

पण माणसाच्या अंगात नळी खुपसून कोण मोजणार? आणि आठ फुटांची नळी घेऊन कोण हिंडणार? पुढे १८२८ मध्ये पॅरिसच्या प्वाझयनं नळीत पारा भरला. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, त्यामुळे फुटांचं काम मिलिमीटरवर आलं. आपण आजही ‘एकशेवीस’ म्हणतो, ते एकशेवीस मिलिमीटर उंचीचा पाऱ्याचा स्तंभ, हा त्या पाऱ्याचाच वारसा. पाऱ्याच्या विषारीपणामुळे आता ती यंत्रं मागे पडली आणि घरोघरी डिजिटल यंत्रं आली, तरी एकक तेच राहिलं.

पाटण्याचा नातू

आता जो माणूस येतो, तो माझ्या या गोष्टीचा खरा नायक. त्याचं नाव फ्रेडरिक अकबर महोमेद. नावावरून अंदाज आला असेल. त्याचे आजोबा शेख दीन महोमेद हे मूळचे पाटण्याचे. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतून निघून ते आयर्लंडला आणि तिथून इंग्लंडला गेले. इंग्रजीत पुस्तक लिहिणारे पहिले भारतीय तेच, १७९४ साली. १८१० मध्ये त्यांनी लंडनमध्ये हिंदुस्थानी पद्धतीची खानावळ काढली, आणि नंतर ब्रायटनला बाष्पस्नानगृह काढून इंग्रज साहेबांना ‘चंपी’ची चटक लावली. ‘शाम्पू’ हा शब्द इंग्रजीत रूढ झाला त्यात त्यांचा मोठा वाटा.

या चंपीवाल्या आजोबांचा नातू १८४९ मध्ये ब्रायटनला जन्मला आणि लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये डॉक्टरी शिकायला गेला. त्याच हॉस्पिटलात पूर्वी रिचर्ड ब्राइट या डॉक्टरांनी एक मोठी गोष्ट दाखवून दिली होती. लघवीतून प्रथिनं जाणारे, अंगावर सूज आलेले रुग्ण मेले की त्यांची मूत्रपिंडं आकसलेली आणि हृदय मोठं झालेलं सापडे. तेव्हापासून डॉक्टरांची समजूत पक्की झाली होती की नाडी कडक लागते ती मूत्रपिंड बिघडल्यामुळे. आधी मूत्रपिंड, मग दाब.

महोमेदनं विद्यार्थिदशेतच नाडीचा आलेख काढणाऱ्या फ्रेंच यंत्रात सुधारणा केल्या. मनगटावर ते यंत्र बांधायचं, आणि नाडी उडेल तशी काजळी धरलेल्या कागदावर रेघ उमटायची. तापाच्या वॉर्डात लोहितांग ज्वराच्या, म्हणजे स्कार्लेट फीव्हरच्या, मुलांच्या नाडीचे आलेख त्यानं काढले. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की लघवीत प्रथिनं दिसायच्या आधीच नाडीतला ताण वाढलेला असतो. म्हणजे क्रम उलटाही असू शकतो! १८७४ साली, वयाच्या पंचविशीत, त्यानं हे छापलं.

तो तिथंच थांबला नाही. १८७०च्या दशकाच्या अखेरीला त्यानं जे मांडलं, ते आजही वाचताना अंगावर काटा येतो. त्यानं म्हटलं, की वरकरणी धडधाकट माणसांतही, अगदी तरुणांतही, असा वाढलेला दाब सापडतो. त्यांची मूत्रपिंडं चांगली असतात. ही माणसं चारचौघांसारखीच आयुष्य काढतात, फारशी तक्रार करत नाहीत. पण वय वाढतं तसा हा आतला शत्रू बळावत जातो आणि चाळिशी-पन्नाशीला गाठतो. अशा माणसाला ओळखायचं असेल तर लक्षणांची वाट बघू नका, त्याची नाडी बघा.

म्हणजे तरुण माणूस, काहीही न होणारा माणूस, आणि वाढलेला दाब, या तिन्ही गोष्टी एका सूत्रात ओवून महोमेदनं दीडशे वर्षांपूर्वीच समोर ठेवल्या होत्या. पण १८८४ मध्ये टायफॉइडनं तो गेला. वय अवघं पस्तीस. ज्या तरुणांबद्दल तो लिहीत होता, त्यांच्याच वयाचा. त्याच्यामागे ते आलेख कपाटात गेले आणि त्याचं नावही मागे पडलं.

सायकलची ट्यूब आणि कानाला नळी

महोमेदची अडचण अशी होती की त्याचं यंत्र वापरायला हात कसबी लागे आणि त्यातून सरळ आकडा मिळत नसे. ती अडचण दूर केली इटलीतल्या ट्युरिनच्या रिव्हा-रोची या डॉक्टरनं, १८९६ मध्ये. त्यानं सायकलच्या ट्यूबचा रबर, दौत, पारा असल्या हाताशी मिळणाऱ्या वस्तूंतून दंडाला बांधायचा फुगणारा पट्टा तयार केला. पट्टा फुगवत न्यायचा, मनगटाची नाडी लागायची बंद झाली की पाऱ्याचा आकडा वाचायचा. इतकं सोपं! पण यात फक्त वरचा आकडा कळे.

खालचा आकडा दिला रशियाच्या निकोलाय कोरोत्कोव्हनं. तो शल्यचिकित्सक. रशिया-जपान युद्धातल्या जखमी सैनिकांच्या फाटलेल्या धमन्यांवर काम करताना तो धमनीला स्टेथोस्कोप लावून ऐकत असे. १९०५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला त्यानं एक अगदी छोटं टिपण वाचलं. पट्ट्याखाली कोपराच्या खळगीत स्टेथोस्कोप ठेवा, हवा हळूहळू सोडा; पहिला ठोका ऐकू आला की वरचा आकडा, आवाज विरला की खालचा. आजही डॉक्टर कानाला नळी लावून हेच ऐकतात. तेव्हा कोरोत्कोव्ह एकतीस वर्षांचा होता.

विमा कंपनीचा हिशेब

आता डॉक्टरांच्या हातात आकडा आला. पण त्याचा अर्थ काय लावायचा? गंमत म्हणजे त्याचा अर्थ आधी उमगला तो विमा कंपन्यांना. हॉस्पिटलातल्या डॉक्टरसमोर येतो तो आजारी माणूस. विमा कंपनीसमोर येतो तो ‘मला काहीच होत नाही’ म्हणणारा. आणि पुढे तो किती वर्षं जगला याचा चोख हिशेब कंपनीच्या दप्तरात असतो, कारण त्यात तिचे पैसे अडकलेले असतात.

अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न म्युच्युअल या विमा कंपनीचे वैद्यकीय प्रमुख फिशर यांनी १९०७ पासून अर्जदारांचा रक्तदाब मोजायला सुरुवात केली, तीही आधी चाळिशीपुढच्यांपुरती. १९१४ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. दाब जास्त असलेली धडधाकट माणसं अपेक्षेपेक्षा लवकर मरत होती. हळूहळू इतर कंपन्यांनीही दंडाला पट्टा बांधायला सुरुवात केली. माझ्या भाच्याला जो पट्टा बांधला गेला, त्याची परंपरा इतकी जुनी आहे.

डॉक्टरमंडळी मात्र वेगळ्याच वाटेनं चालली होती. १९११ मध्ये एबरहार्ड फ्रँक या जर्मन डॉक्टरनं, ज्या वाढलेल्या दाबाचं बाहेरचं काही कारण सापडत नाही त्याला ‘इसेन्शियल’ असं नाव दिलं. त्याच्या मनात अर्थ होता ‘स्वयंभू’. पण त्या शब्दाचा दुसरा अर्थ ‘आवश्यक’ असा होतो, आणि तोच अनेकांच्या डोक्यात बसला. युक्तिवाद असा, की धमन्या अरुंद झाल्या आहेत, मग त्यातून रक्त पुढे रेटायला शरीरच दाब वाढवतं. तो उतरवलात तर मेंदूला आणि मूत्रपिंडांना रक्त कसं पोचणार? १९३१ साली लिव्हरपूलच्या जॉन हे या नामवंत प्राध्यापकांनी तर अशा अर्थाचं सांगून टाकलं, की हाय बीपीवाल्याला खरा धोका ते बीपी सापडण्याचाच. कारण मग कुणीतरी मूर्ख ते उतरवायला बघणार!

राष्ट्राध्यक्षांचा आकडा

या विचारसरणीची किंमत किती मोठी, ते जगानं १९४५ मध्ये पाहिलं. मार्च १९४४ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना तरुण हृदयतज्ज्ञ हॉवर्ड ब्रून यांनी तपासलं तेव्हा रक्तदाब होता १८६/१०८ आणि हृदय थकलेलं होतं. त्यांचे नेहमीचे डॉक्टर लोकांना सांगत होते की वयाच्या मानानं अध्यक्षांची प्रकृती उत्तम आहे. ब्रून यांनी विश्रांती, मीठ कमी, सिगारेट कमी आणि हृदयासाठी डिजिटॅलिस सुचवलं. याहून जास्त त्यांच्याही हातात काही नव्हतं. १२ एप्रिल १९४५ रोजी ‘डोकं भयंकर दुखतंय’ अशी तक्रार करून रूझवेल्ट कोसळले. तेव्हाचा आकडा होता ३००/१९०. मेंदूत रक्तस्राव झाला होता. वय त्रेसष्ट.

पुढे १९४८ मध्ये अमेरिकेनं हृदयरोगाच्या संशोधनासाठी कायदा करून पैसा उपलब्ध केला, आणि मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रॅमिंगहॅम या गावात तिशी ते साठीच्या ५,२०९ स्त्रीपुरुषांची दीर्घकाळ पाहणी सुरू झाली. जे विमा कंपन्यांच्या दप्तरात होतं ते आता उघड, शास्त्रीय पुराव्यानिशी बाहेर येऊ लागलं: दाब हा निरुपद्रवी नाही, हृदयविकार आणि पक्षाघात दोन्हींची वाट तो मोकळी करतो.

भात, सुरी आणि सर्पगंधा

कळलं, पण करायचं काय? १९४०च्या दशकातले उपाय ऐकले तर आजची एक गोळी गोड वाटेल. एक उपाय शस्त्रक्रियेचा. पाठीतून शिरून धमन्यांना आवळणाऱ्या मज्जातंतूंच्या साखळ्याच कापून टाकायच्या. दाब उतरे, पण काही जण उभे राहिले की चक्कर येऊन पडत.

दुसरा उपाय मिठाचा. जर्मनीतून अमेरिकेला आलेले वॉल्टर केम्पनर ड्यूक विद्यापीठात रुग्णांना फक्त बिनमिठाचा भात, फळं आणि साखर देत. त्यांच्या एका रुग्ण बाईंची गोष्ट प्रसिद्ध आहे. वय तेहतीस, मूत्रपिंडाचा आजार, दाब इतका की डोळ्यांच्या पडद्यावर सूज आलेली. केम्पनरनी त्यांना सांगितलं दोन आठवड्यांनी या. त्यांचे जर्मन उच्चार न कळल्यानं बाई दोन महिने भात खात राहिल्या. परतल्या तेव्हा दाब खूप उतरला होता आणि डोळ्यांतली सूज ओसरली होती. ‘उतरवलात तर माणूस मरेल’ हा सिद्धांत एका गैरसमजामुळे खोटा पडला! हा आहार आज कुणी मनानं घेऊ नये. पण मीठ आणि दाब यांचं नातं त्यातून ढळढळीत दिसलं.

तिसरा उपाय आपल्या रानातला. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे निद्रानाशावर आणि वेडावर पूर्वापार वापरत. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती रक्तदाबावरही चालते असं लिहिलं. पण परदेशात त्याची दखल घेतली गेली नाही. ती घ्यायला लावली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. केईएम हॉस्पिटलात काम करणाऱ्या या हृदयतज्ज्ञानं आपल्या रुग्णांवरचे अनुभव शिस्तीत नोंदवले आणि १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये पन्नास रुग्णांचा अहवाल छापला. तो वाचून बोस्टनमध्ये ते औषध वापरायला सुरुवात झाली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतून रिसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं. वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. रिसर्पिननं काहींना उदासीनता येई, नाक चोंदे, म्हणून पुढे ते मागे पडलं. पण सामान्य माणसाला रोज घेता येईल अशी दाबावरची गोळी असू शकते, हा विश्वास त्यानं दिला.

सत्तावीस आणि दोन

तरीही एक शंका शिल्लक होती. दाब उतरतो, मान्य. पण ज्याला काही होतच नाही, त्याचं आयुष्य त्यानं वाढतं का? याचं उत्तर दिलं अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांतल्या एडवर्ड फ्राइस यांच्या अभ्यासानं. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष निवडले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला औषध, दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. १९६७ मध्ये निकाल छापून आला. सरासरी दीड वर्षाच्या आसपासच, पोकळ गोळ्यांच्या गटात २७ जणांना गंभीर त्रास झाला. औषधाच्या गटात फक्त दोघांना. सत्तावीस आणि दोन! १९७० मध्ये खालचा आकडा ९० ते ११४ असलेल्या ३८० जणांचा निकालही औषधाच्या बाजूनं लागला, विशेषतः १०५ च्या पुढच्यांमध्ये.

आणि औषधं कोणती? तीन, त्यातलं एक रिसर्पिन. म्हणजे ‘लक्षण नसलं तरी उपचार करा’ हे जगाला पटवून देणाऱ्या प्रयोगात आपल्या सर्पगंधेचा हात होता. नंतर औषधं सुधारत गेली. लघवीवाटे मीठ बाहेर काढणारी औषधं १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून होतीच. मग हृदयाचा वेग आवरणारी आली, ब्राझीलच्या विषारी सापाच्या विषाचा माग काढत सापडलेली आली, धमन्या सैल करणारी आली. आज दिवसातून एकदा घ्यायच्या स्वस्त गोळ्या तालुक्याच्या गावातही मिळतात.

मग तरुणांचं काय?

इथं पुन्हा माझ्या भाच्याचा दुसरा प्रश्न येतो. फ्राइस यांच्या अभ्यासातले पुरुष सरासरी पन्नाशीचे होते. नंतरच्या मोठ्या प्रयोगांतही बहुतेक मध्यमवयीन आणि वृद्धच. २०१५ साली गाजलेल्या एका अमेरिकी प्रयोगात तर पन्नाशीखालच्यांना प्रवेशच नव्हता. कारण सरळ आहे: तरुणाला हार्ट अटॅक यायला वीसतीस वर्षं लागतात, तेवढं थांबायला प्रयोगाकडे पैसा नसतो. पण प्रयोगात तरुण नाहीत म्हणजे तरुणांना धोका नाही, असा अर्थ अनेकांनी काढला.

तो चुकीचा आहे हे जुन्या नोंदवह्यांनी दाखवलं. हार्वर्ड विद्यापीठात १९१४ ते १९५२ या काळात प्रवेश घेताना ज्यांचा रक्तदाब लिहून ठेवला होता, त्या विद्यार्थ्यांचा पुढे माग काढला गेला. अठराव्या वर्षी ज्यांचा दाब जास्त होता, ते पुढे हृदयविकारानं जास्त प्रमाणात दगावले होते. मग १९८५ पासून अमेरिकेतल्या चार शहरांत १८ ते ३० वयाच्या पाच हजारांवर तरुणांची पाहणी सुरू झाली. तिचा २०१८ मधला अहवाल सांगतो, की चाळिशीच्या आतच १४०/९० किंवा त्यापुढे गेलेल्यांना नंतरच्या वर्षांत हृदयविकार वा पक्षाघात होण्याचं प्रमाण नॉर्मल दाबवाल्यांच्या साधारण साडेतीनपट होतं. घाबरायचं कारण नाही. ४,८५१ जणांत असे एकूण रुग्ण २२८ च होते. पण महोमेदनं काजळीच्या कागदावर जे पाहिलं होतं, ते खरं ठरायला १४० वर्षं लागली, एवढं मात्र लक्षात घ्या.

आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरच्या शंभरातल्या २१ स्त्रियांचा आणि २४ पुरुषांचा दाब जास्त होता किंवा ते त्यावर औषध घेत होते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे सुरुवातीपासून होते. पण सरकारी तपासणीचा भर साधारण तिशीपुढच्यांवर असतो. अठ्ठाविशीचा मुलगा त्याच्या अलीकडेच राहतो. त्याला गाठते ती विमा कंपनी, नाहीतर नोकरीची मेडिकल.

भाच्याला काय सांगितलं

हे सगळं ऐकवून झाल्यावर भाचा म्हणाला, ‘‘ठीक आहे मामा, पण आता करू काय?’’ त्याला सांगितलं, तेच तुम्हालाही सांगतो.

पहिली गोष्ट, एका आकड्यावर शिक्का मारून घेऊ नकोस. डॉक्टर समोर आला की काहींचा दाब भीतीनं चढतो, हे इटलीतल्या संशोधकांनी १९८३ मध्ये मोजून दाखवलं आहे. म्हणून आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ मोज. आधी अर्धा तास चहा, सिगारेट, तंबाखू नको. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीत, गप्पा बंद. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला आखूड पट्टा बांधला तर आकडा खोटाच जास्त येतो.

दुसरी गोष्ट, तुझ्या वयात कारण शोधायलाच हवं. १९३४ मध्ये गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाची धमनी चिमट्यानं आवळून दाब वाढवून दाखवला. १९५४ मध्ये जेरोम कॉन यांना चौतीस वर्षांच्या एका बाईंच्या अधिवृक्क ग्रंथीत छोटी गाठ सापडली. ती काढली आणि दाब उतरला. पन्नाशीपेक्षा तरुणपणात अशी कारणं सापडण्याची शक्यता जास्त. म्हणून लघवी, क्रिएटिनिन, पोटॅशियम, ईसीजी, आणि डॉक्टरांना वाटलं तर मूत्रपिंडाची सोनोग्राफी. वेदनाशामक गोळ्या, स्टेरॉइड्स, जिममधली पावडर, गर्भनिरोधक गोळ्या, जे काही घेत असाल ते डॉक्टरांपासून लपवायचं नाही. मूल हवं असलेल्या मुलींनी तर दाबाची गोळी सुरू करतानाच तसं सांगावं, कारण काही गोळ्या गरोदरपणात अजिबात चालत नाहीत.

तिसरी गोष्ट ताटाच्या डाव्या बाजूची. आपल्याकडे मीठ, लोणचं, चटणी, पापड सगळं डावीकडे वाढतात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर. आपण त्यापेक्षा बरंच जास्त खातो. डावी बाजू रोजची नको, सणाची असू दे. फरसाण, वडापाव, पाकिटातले नूडल्स यांतलं मीठ जिभेला कळत नाही, धमनीला कळतं. वजन पाचसहा किलो उतरव, रोज अर्धा तास भरभर चाल. रविवारचा सिंहगड छान, पण सहा दिवसांचं काम तो एकटा करत नाही. तंबाखू बंद. दारू जितकी कमी तितकी बरी. झोप पुरी घे, आणि जोरात घोरत असशील तर तेही सांग.

आणि चौथी गोष्ट, गोळी लागली तर लाजायचं नाही. कुठे रेघ मारायची यावर डॉक्टरांचे वाद झाले आणि अजून होतात. १९५० च्या दशकात जॉर्ज पिकरिंग यांनी बजावलं होतं की निरोगी आणि आजारी यांच्यात निसर्गानं रेघ मारलेली नाही, ती आपण मारतो. आपल्याकडे ती १४०/९० वर मारली जाते. अमेरिकेत २०१७ पासून १३०/८० वर. रेघ हलते, पण दिशा हलत नाही: दाब जितका जास्त आणि जितकी जास्त वर्षं, तितकी झीज जास्त. तरुणपणी दाब सापडणं हे संकट नाही. ती वीस वर्षं आधी मिळालेली सूचना आहे. आकडा उतरला म्हणून मनानं गोळी बंद करायची नाही. आकडा उतरला आहे तो गोळीमुळे.

भाच्यानं ऐकलं. तपासण्या ठीक निघाल्या. घरच्या मोजणीतही दाब जास्तच भरला. तीन महिने मीठ, वजन, चालणं सांभाळल्यावर थोडा उतरला, पुरेसा नाही. मग डॉक्टरांनी एक छोटी गोळी सुरू केली. आज तो १२४/८० च्या आसपास असतो. पॉलिसीही मिळाली, हप्ता थोडा जास्त भरून.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. त्यानं घरी मोजायचं यंत्र आणलं, तेव्हा गंमत म्हणून घरातल्या सगळ्यांनी दंडाला पट्टा बांधून घेतला. माझ्या बहिणीचा, म्हणजे त्याच्या आईचा आकडा आला १७२/१००. वय छप्पन्न, आयुष्यात कधी मोजलेला नव्हता. मी फोन केला, तेव्हा ती स्वयंपाकघरातून ओरडून म्हणाली, ‘‘अरे, मला तर काहीच होत नाही!’’

तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला तो भाचाच. वाटेत तिला त्यानं पाटण्याच्या नातवाची गोष्ट सांगितली म्हणे.